सवय कुणी लावली?

परळचे टाटा रुग्णालय आमच्या नायगावच्या बी. डी. डी. चाळीपासून पायी वीस मिनिटांवर आहे. माझ्या आईला तिथे पोहोचायला अकरा महिने लागले. गालाच्या आत आलेला पांढरा चट्टा तिने जिभेने प्रथम चाचपला तो १९८८च्या पावसाळ्यात. "उष्णता झालीया, जाईल," असे म्हणून ती कामाला गेली. मग जवळच्या एका डॉक्टरांनी तोंड नीट न पाहताच जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. त्या संपल्या की पुन्हा त्याच दिल्या. चट्ट्याची जखम झाली, जखमेची गाठ झाली. भाकरीचा घास गिळवेना तेव्हा शेजारच्या मावशींनी हाताला धरून तिला परळला नेले. १९९०च्या उन्हाळ्यात ती गेली.

तिच्या केसपेपरवर एक ओळ होती : 'सवय – मशेरी, चाळीस वर्षे'. ती ओळ खरी होती. लिहिणाऱ्याने काहीही चुकीचे लिहिले नव्हते. तरी ती ओळ माझ्या मनात सलत राहिली. सवय म्हटली की ती माणसाची स्वतःची ठरते, आणि रोगही मग त्यानेच ओढवून घेतलेला ठरतो. आजकाल याला 'जीवनशैली' असा भारदस्त शब्द आहे. आमच्या चाळीत जीवन होते. शैली निवडायला कुणाला सवड होती, हे मला आठवत नाही.

मी डॉक्टर नाही. महापालिकेच्या शाळेत आयुष्यभर शिकवले, आणि आईच्या मरणानंतर या रोगाविषयी मिळेल ते वाचत गेले. जे समजले ते कार्यकर्त्या मित्रांसाठी आणि शिक्षक बंधुभगिनींसाठी इथे मांडते आहे.

कर्करोग म्हणजे काय, तेवढे आधी सांगते. आपल्या शरीरात जुन्या पेशी मरतात, नव्या तयार होतात. किती वाढायचे आणि कुठे थांबायचे याचा हुकूम पेशीच्या केंद्रातील डी. एन. ए.मध्ये लिहिलेला असतो. त्या लिखाणात बिघाड होतो. बहुतेक बिघाड शरीर दुरुस्त करते. काही राहून जातात, आणि असे बरेच बिघाड एकाच पेशीत साठले की ती थांबण्याचा हुकूम मानीत नाही. तिची प्रजा वाढत जाते, शेजारच्या भागात घुसते, रक्तावाटे दूर पसरते. काही बिघाड नुसत्या वयोमानाने होतात. त्याला कुणाचा इलाज नाही. काही मात्र बाहेरून आलेल्या पदार्थांमुळे, किरणांमुळे किंवा विषाणूंमुळे होतात. या साठण्याला वीस-वीस, तीस-तीस वर्षे लागतात. म्हणून आज लावलेल्या चिमटीचा हिशेब आज दिसत नाही.

"माझी आजी मशेरी लावून नव्वद वर्षे जगली," हा युक्तिवाद प्रत्येक चाळीत ऐकू येतो. आजी जगली हे खरेच. डोळे मिटून रस्ता ओलांडणारा प्रत्येक माणूस गाडीखाली येत नाही. पण म्हणून आपण मुलांना डोळे मिटून रस्ता ओलांडायला शिकवत नाही.

आणखी एक गोष्ट मुद्दाम लिहिते. कर्करोगाचा रोगी शिवल्याने कर्करोग होत नाही. आईचा पेला वेगळा ठेवावा, असे आमच्याच चाळीतील एका बाईने सुचवले होते. ज्यांच्या वाडवडिलांना ओंजळीत वरून पाणी ओतून मिळाले, त्यांच्या घरात हे सुचावे, याची मला रोगाइतकीच भीती वाटली.

आता मशेरी. तंबाखूची पाने तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, डबीत भरायची आणि बोटाने हिरड्यांना घासायची. तंबाखूच्या पानात निकोटिन असते. ते चटक लावते. पान सुकवताना आणि मुरवताना त्यात नायट्रोसामाइन नावाचे पदार्थ तयार होतात, ते डी. एन. ए. बिघडवतात. भाजताना त्यात काजळीतले विषही मिसळते. चुना लावून मळलेल्या तंबाखूत निकोटिन लवकर सुटते, म्हणून ती 'लागते' आणि चटकही पक्की होते. गालात जिथे बार धरला जातो, तिथेच बहुधा पहिला चट्टा येतो.

काजळीची गोष्ट जुनी आहे. १७७५ साली पर्सिव्हल पॉट या इंग्रज शल्यचिकित्सकाने लंडनच्या धुराडी साफ करणाऱ्यांत वृषणाच्या कातडीचा कर्करोग पाहिला आणि त्याचे कारण काजळी हे सांगितले. ही गरिबांची पोरे होती. अगदी लहानपणी त्यांना अरुंद धुराड्यांत चढवले जाई. युरोपातील ज्या देशांत या कामगारांना अंगभर कपडे आणि अंघोळीची सोय होती, तिथे हा रोग क्वचित दिसे. पुढे लँकेशायरच्या सूतगिरण्यांत म्यूल यंत्रावर काम करणाऱ्या कातकऱ्यांना तसाच कर्करोग झाला. यंत्राचे तेल त्यांच्या विजारीत मुरत असे, आणि त्या तेलात काजळीच्याच जातीची द्रव्ये होती. त्या पोरांना आणि कातकऱ्यांना कुणी 'घाणेरडी सवय' म्हटले असते तर? अंघोळ ही सवय आहे खरी, पण तिला आधी पाणी लागते.

हेच आपल्या गिरणगावाला लावून पाहू या. माझे वडील रिंगखात्यात होते. गिरणीत विडी पेटवायला बंदी, कारण कापूस पेटला तर खातेच जळेल. हवेत तंतू उडत, घसा कोरडा पडे. तंबाखूचा बार भरला की तोंडाला पाणी सुटते, घसा ओला राहतो, रात्रपाळीत डोळा लागत नाही आणि भूक मरते. जेवणाची सुट्टी लहान, डब्यातली भाकरी थोडी. बार हे कामाचे हत्यार होते. आई भायखळ्याच्या बाजारात भाजीच्या पाट्या वाहायची. पहाटे सार्वजनिक संडासाच्या रांगेत उभे राहण्यापूर्वी ती मशेरी लावी. त्याशिवाय पोट साफ होत नाही अशी सगळ्या बायकांची समजूत होती. दात दुखला तरी मशेरी, मूल रडले, मन उदास झाले तरी मशेरी. दहाव्या वर्षी तिनेच माझ्या हिरड्यांना बोट लावले, ते मायेनेच.

वडील रिंगखात्यातच का होते, हे या नियतकालिकाच्या वाचकांना सांगायला नको. तरी विद्यार्थ्यांसाठी सांगते. साच्यावरचा धागा तुटला वा कांडी बदलली की विणकर धोट्याच्या छिद्राला तोंड लावून धागा ओढून घेई. अस्पृश्याची लाळ त्या धोट्याला लागेल, म्हणून सवर्ण कामगार त्याला विणखात्यात येऊ देत नसत. पगार विणखात्यात अधिक. १९२८च्या गिरणी संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न पुढे आणला. ज्या तोंडाचा सगळ्यांना विटाळ होता, त्या तोंडात काय जाते आहे आणि त्याचे काय होते आहे, याची चौकशी करायला मात्र कुणी आले नाही.

'कुणी आले नाही' हे म्हणताना मला थांबले पाहिजे, कारण शास्त्रज्ञ आले होते. टाटा रुग्णालय १९४१ साली परळला उघडले. तिथल्या डॉ. वि. रा. खानोलकरांनी मुंबईतल्या वेगवेगळ्या समाजांत वेगवेगळे कर्करोग का दिसतात, हा प्रश्न धरून काम केले. तंबाखू ओढणे व चघळणे आणि तोंड, घसा, अन्ननलिका यांचा कर्करोग या संबंधावरचा संघवी, राव आणि खानोलकर यांचा निबंध १९५५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. १९६३ साली मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटीने शहरातील कर्करोगांची नोंदणी सुरू केली. देशातली अशी ही पहिली नोंदणी. म्हणजे आईने माझ्या हिरड्यांना बोट लावले तेव्हा हे ज्ञान आमच्या घरापासून वीस मिनिटांवर तयार होते. ते इंग्रजीत होते. लंडनला पोहोचले, नायगावला आले नाही. पाण्याप्रमाणे ज्ञानालाही पाणवठा असतो, आणि तो कुणाला किती लांब पडतो हे ठरलेले असते.

१९९०च्या दशकात मुंबई बेटावर, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या जुन्या शहरात, पस्तीस वर्षांवरील ९९,५९८ स्त्री-पुरुषांची तंबाखूविषयी पाहणी झाली. पुरुषांत ६९.३ टक्के आणि स्त्रियांत ५७.५ टक्के तंबाखू घेणारे निघाले. स्त्रियांची तंबाखू जवळजवळ सगळी न ओढण्याची, आणि तीत सर्वांत जास्त मशेरी. जसे शिक्षण कमी, तसे तंबाखूचे प्रमाण जास्त. अपवाद फक्त सिगारेटचा. श्रीमंतांच्या मोठ्या इमारतींत पाहणी करणाऱ्यांना शिरता येणे कठीण, म्हणून तिथली मतदान केंद्रे पाहणीतून वगळली होती, हेही लक्षात ठेवले पाहिजे. आपल्या दाराला रखवालदार नसतो. आपल्याविषयीची आकडेवारी म्हणून भरपूर असते.

तंबाखूबरोबर सुपारी आणि दारू यांचाही हिशेब मांडला पाहिजे. फ्रान्समधील लियाँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात तंबाखू नसलेली नुसती सुपारीसुद्धा कर्करोगकारक ठरवली. सुपारीने तोंडाच्या आतली कातडी आखडते, तोंड उघडेनासे होते, तिखट सोसवत नाही. आपलीच तीन बोटे उभी धरून तोंडात जात नसतील तर तपासणीला गेलेच पाहिजे. महाराष्ट्राने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. बंदी आहे, विक्री थांबलेली नाही. दारू ही स्वतंत्रपणेही कर्करोगकारक आहे, आणि तंबाखूच्या जोडीला आली की तोंड व घशाचा धोका नुसत्या बेरजेपेक्षा पुष्कळ वाढतो. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि बहुतेकांची गिरणी पुन्हा आली नाही. त्यानंतर लालबाग-परळच्या किती घरांत बाटली आली, ते तिथल्या बायकांना विचारा. तीही सवयच म्हणायची.

ज्या गोष्टी आपण तोंडात घालत नाही, पण ज्या आपल्या अंगात शिरतात, त्यांचे काय? इथे कार्यकर्त्यांनी दोन रोग वेगळे ठेवले पाहिजेत. कापसाच्या तंतूंनी छाती भरून येते, सोमवारी कामावर गेल्यावर दम लागतो, तो बिसिनोसिस. तो भयंकर आहे, नुकसानभरपाईला पात्र आहे, पण तो कर्करोग नव्हे. चुकीचे नाव घेऊन लढलो तर खरी लढाईही हरू. रंगखात्याची गोष्ट निराळी. बेंझिडीनपासून केलेल्या रंगांनी मूत्राशयाचा कर्करोग होतो. रंगाच्या कारखान्यातील कामगारांत हा रोग जर्मनीत १८९५ सालीच दिसला होता; आपल्याकडे अशा रंगांवर बंदी आली ती १९९०च्या दशकात. मधल्या काळात किती हात त्या हौदांत बुडाले असतील!

ॲस्बेस्टॉसचे तंतू फुप्फुसात जाऊन बसतात आणि तीस-चाळीस वर्षांनी फुप्फुसाचा किंवा त्याच्या आवरणाचा कर्करोग उभा करतात. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात कामगाराचे आरोग्य हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि त्यांच्या आरोग्याच्या नोंदी चाळीस वर्षे जपण्याचा आदेश दिला. पण या पदार्थावर आपल्या देशात अजूनही संपूर्ण बंदी नाही. छपरावरचा धड पत्रा बसल्या जागी फारसा घातक नसतो. तो तोडला, कापला, घासला की तंतू उडतात. जुन्या शेडी पाडून तिथे मनोरे उभे राहतात, तेव्हा पत्रे फोडायला नाक्यावरचा मजूर असतो आणि त्याच्या तोंडाला रुमाल असतो. रुमालातून हे तंतू आरपार जातात. पत्रे पाण्याने भिजवा, न फोडता उतरवा, मजुराला योग्य मुखवटा द्या, ही मागणी प्रत्येक पाडकामाच्या दारात करता येण्यासारखी आहे.

मोटारींच्या डिझेलचा धूर २०१२ साली आणि शहराची दूषित हवा २०१३ साली त्याच लियाँच्या संस्थेने कर्करोगकारक म्हणून नोंदवली. दहा बाय सोळाच्या खोलीत कोळशाची शेगडी पेटत असे, त्या धुराचाही यादीत समावेश आहे. धूर सोडायला खिडकी लागते. खिडकी उघडली तर रस्त्याचा धूर. तरीही कार्यकर्त्यांनी प्रमाण विसरू नये. या सर्वांत आपल्या माणसांना सर्वांत जास्त मारणारी वस्तू तंबाखूच आहे. हवेवर मोर्चा न्यावा, पण मोर्चात बार भरून जाऊ नये.

स्त्रियांच्या एका रोगाविषयी सविस्तर लिहिते, कारण त्यात माझ्या म्हणण्याचा पुरावा आहे. गर्भाशयमुखाचा कर्करोग एका विषाणूच्या दीर्घ संसर्गामुळे होतो. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो, अतिशय सर्रास आढळतो आणि बहुतेक बायकांत आपोआप जातोही. म्हणून या रोगावरून कुणाच्या चारित्र्याकडे बोट दाखवणे हे अज्ञान आहे. लहान वयातले लग्न, पाठोपाठ बाळंतपणे आणि तंबाखू यांनी धोका वाढतो. मुंबईच्या नोंदणीत या कर्करोगाचे प्रमाण गेल्या काही दशकांत उतरत गेलेले दिसते. लस तर आपल्याकडे अगदी अलीकडची. पुण्यात तयार झालेली लस २०२३मध्ये बाजारात आली. तेव्हा ही उतरण लसीची नव्हे. मुली शाळेत राहिल्या, लग्नाचे वय वाढले, बाळंतपणे कमी झाली, घरात नळ आला. बायकांच्या 'सवयी' सुधारा म्हणून कुणी प्रवचन दिले नव्हते. परिस्थिती बदलली आणि रोग मागे हटला.

याच शहरात १९९८ साली टाटा रुग्णालयाने झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांमध्ये एक मोठा अभ्यास सुरू केला. दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना काही आठवड्यांचे शिक्षण देऊन त्यांच्याकडून तपासणी करवली. गर्भाशयमुखाला पातळ व्हिनेगर लावायचे. बिघडलेला भाग पांढरा दिसतो. प्रयोगशाळा नको, मोठे यंत्र नको. २०१३ साली निष्कर्ष जाहीर झाला : तपासणी झालेल्या गटात या रोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी. त्याच अभ्यासात हाताने स्तनांची तपासणीही होती. तिने पन्नाशीपुढच्या स्त्रियांतील स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी घटले, हे २०२१ साली प्रसिद्ध झाले.

हे मोठे काम आहे आणि ते आपल्या वस्त्यांत झाले आहे. पण त्यातला अवघड प्रश्नही टाळू नये. अभ्यासात निम्म्या स्त्रियांची अशी तपासणी झाली नाही. त्यांना फक्त रोगाची माहिती दिली गेली, म्हणजे दोन गटांची तुलना करता यावी. यावर देशात-परदेशात टीका झाली. अभ्यास करणाऱ्यांचे उत्तर असे की, त्या काळी या देशात गरीब बाईची अशी तपासणी कुठेच होत नव्हती, म्हणून तिच्याकडून काही काढून घेतले नाही. मला दोन्ही बाजू समजतात. मला खुपते ते दुसरेच. 'या बाईला एरवी काहीच मिळत नाही' हे वाक्य आपल्याकडे किती सहज खरे असते! ते खोटे पाडणे हे डॉक्टरांचे काम नव्हे, आपले आहे.

मग करायचे काय? दोन याद्या कराव्यात. पहिली आपल्या हातातली. तंबाखू, मशेरी, सुपारी, विडी सोडणे. हे सोपे नाही. मला आईच्या मरणानंतरही तीन वर्षे लागली, दोनदा सोडून दोनदा पुन्हा लावली. एकटीने सुटले नाही, आम्ही चौघीजणींनी मिळून सोडले तेव्हा सुटले. महिन्यातून एकदा आरशासमोर तोंड उघडून गाल, हिरड्या, जिभेच्या कडा आणि जिभेखालचा भाग पाहावा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, गाठ, आखडलेले तोंड यांपैकी काही दिसले तर गोळ्या खात बसू नये, तज्ज्ञाला दाखवावे. तीस-पस्तिशी ओलांडलेल्या स्त्रीने गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्यावी. पाळी गेल्यावर किंवा संबंधानंतर रक्त दिसले तर लाज धरू नये.

दुसरी यादी मागण्यांची. वस्तीच्या दवाखान्यात तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांची तपासणी आणि तंबाखू सोडवण्यास मदत. पाडकामावर मजुरांना संरक्षण. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकू नये हा २००३चा कायदा आहे, त्याची अंमलबजावणी. शिक्षकांनो, ही शेवटची मागणी तर आपण फुटपट्टी घेऊन उद्याच मोजू शकतो.

पहिली यादी विसरून नुसती दुसरी धरली तर आपण घोषणा देत मरू. दुसरी विसरून नुसती पहिली धरली तर आपल्याच माणसाच्या केसपेपरवर 'सवय' लिहून मोकळे होऊ. दोन्ही याद्या एकाच कागदाच्या दोन बाजूंवर लिहाव्यात.

आजही परळच्या त्या रस्त्यावर बिहार-बंगालपासून मराठवाड्यापर्यंतची माणसे फुटपाथावर पथारी टाकून असतात. काहींना दादरच्या गाडगेमहाराजांच्या नावाच्या धर्मशाळेत जागा मिळते, काहींना मिळत नाही. हजार मैलांवरून ती उशिरा आली, हे समजू शकते. वीस मिनिटांवरून माझी आई उशिरा आली. तिच्या मशेरीची पितळी डबी मी ठेवली आहे. शाळेत असताना दरवर्षी सातवीच्या वर्गात ती घेऊन जाई, टेबलावर ठेवी आणि विचारी, "ही कुणाच्या घरात आहे?" पहिल्यांदा कुणीच हात वर करीत नसे. मग मी माझा हात वर करी.